दोन पाकिटं, औषध एकच!

मुलांनो, परवा आमच्या आजोबांना सर्दी-ताप आला. डॉक्टरांनी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिली होती. शेजारच्या काकांनी दुकानातून सर्दीची गोळीही आणली. पाकिटावर ठळक असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आतली औषधं बारीक अक्षरांत! सातवीतल्या आमच्या चिरंजीवांनी ती वाचली. “आई, यातही पॅरासिटामॉल ५००!”

म्हणजे एका वेळी ११५० झालं की! ठरल्या मात्रेत हे औषध गुणाचं, पण फार झालं तर यकृताला इजा होते. त्यात नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिनही होतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, आणि आजोबांना तर बीपीची गोळी चालू! मी सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवली. सर्दीची गोळी बाजूला सारत ते म्हणाले, “ही नको. वाचली कोणी?”