पडदा उघडण्याआधीचा अर्धा तास

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि वडशाच्या रस्त्यांवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. आसपासच्या गावांतून चार-पाच जणांची मंडळं येतात आणि नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन बसतात. भिंतभर पोस्टरं, टेबलावर तारखांची वही, मध्ये चहाचे पेले. आमच्या गावचा पट (बैलांची शर्यत) अमुक तारखेला आहे, त्या रात्री प्रयोग हवा, इथून बोलणं सुरू होतं. मग नाटक कोणतं, नायिका कोण, विनोदी नट कोण, रक्कम किती, असं ते पुढं सरकत जातं. तारीख पक्की झाली, आगाऊ रक्कम दिली की मंडळी समाधानानं गावाकडे परततात.

वडसा म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं गडचिरोली जिल्ह्यातलं हे स्थानक. वैनगंगा ओलांडली की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. कलावंतांना रेल्वेनं यायला आणि गाड्यांना चारही दिशांना जायला हे गाव सोयीचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानीच आहे.

या रंगभूमीचा हंगाम हाच इथला कलामहोत्सव. त्याला ठराविक मैदान नाही की एकच आयोजक नाही. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा भरतात, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार रंगतात, शंकरपट होतात आणि पटाच्या रात्री नाटक असतं. कनातीच्या आत हजारोंची गर्दी, समोर ऑर्गन-तबला, रंगमंचावर प्रॉम्प्टरच्या आधारानं रंगत जाणारा प्रयोग. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक संपतं तेव्हा पहाट झालेली असते. घरोघरी पाहुणे आलेले असतात. लेकी माहेरी येतात, मुलामुलींच्या सोयरिकी याच दिवसांत जुळतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांनी याच मंडपांमध्ये हजारो प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला तो आपला सन्मान वाटला.

या महोत्सवातल्या एका छोट्या वेळाबद्दल मला बोलायचं आहे. तो वेळ म्हणजे पडदा उघडण्याआधीचा उद्घाटनाचा.

नाटकाच्या जाहिरातीवर नाटकाच्या नावाइतकीच जागा पाहुण्यांच्या नावांना असते. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी. रात्री हे सगळे मंचावर बसतात, हार-तुरे होतात, भाषणं होतात. समोर घोंगड्या-चादरी पांघरून माणसं बसलेली असतात. पोरं पेंगत असतात. बायका आपल्या बाजूला हळू आवाजात बोलत असतात. सबंध वर्षात एवढं गाव, एवढे पाहुणे, एवढ्या जातीजमातींची माणसं एका ठिकाणी, माईकसमोर, इतक्या मोकळ्या मनानं क्वचितच बसत असतील. आणि तो मोलाचा वेळ एकतर्फी बोलण्यात जातो. त्या वेळात जाहीर संवाद व्हावा, असं मला वाटतं.

भाषणात एक बोलतो, बाकीचे ऐकतात. पारावरच्या गप्पांत सगळे बोलतात, पण कुणाला कुणाचं उत्तर द्यावं लागत नाही. जाहीर संवादात मात्र प्रश्न सर्वांसमोर विचारला जातो आणि उत्तरही सर्वांसमोर द्यावं लागतं. चारचौघांत दिलेल्या उत्तराला वजन येतं, कारण त्याची उद्या कुणीही आठवण करून देऊ शकतं.

ही रीत आपलीच

असा संवाद शहरी चोचला आहे, असं कुणाला वाटेल. विदर्भाच्या मातीला तो मुळीच नवा नाही. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे हजारो लोकांशी केलेली प्रश्नोत्तरंच होती. बाबा लोकांच्या बोलीत प्रश्न टाकत आणि समोरचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. कर्ज काढून सण करायचा का, देवापुढं बकरं कापायचं का, याचं उत्तर ऐकणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेतलं जाई. तुकडोजी महाराजांची खंजिरी याच चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरला घुमली आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते गाव इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलं. त्याही आधी, १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेनं निघालेल्या जलशांनी करमणूक आणि वाद-संवाद एकाच मंचावर आणले होते.

आणखी जवळचं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं. तिथं ग्रामसभेत बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं निर्णय होतात. त्याआधी अभ्यासगटात विषयाची फोड होते, बाहेरचा जाणकार बोलावला जातो, त्याला हवं ते विचारलं जातं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. वर्षानुवर्षांच्या अशा बोलण्यातूनच गाव तयार झालं आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्याला मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तीही गावोगावच्या बैठकांत बायाबापड्या उघडपणे बोलल्या म्हणून.

शहरांनीही ही परंपरा जपली आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात १९९९ पासून नृत्य-नाट्याच्या जोडीला लेखक-कलावंतांशी गप्पा होतात. २०१२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला झालं, झाडीबोलीची स्वतंत्र संमेलनंही भरतात आणि त्यांत परिसंवाद होतात. पण परिसंवादाला येतो तो वाचणारा. नाटकाला येतो तो सगळा गाव.

नाटक आणि संवाद एकत्र कसे नांदतात, हे पाहायचं तर पश्चिम बंगालमध्ये जावं. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी एक पद्धत घडवली. प्रयोग ऐन पेचाच्या जागी थांबवायचा आणि प्रेक्षकांना विचारायचं, इथं तुम्ही काय केलं असतं? ज्याला सुचेल त्यानं मंचावर येऊन करून दाखवायचं. संजय गांगुली यांच्या, १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'जन संस्कृती' या संस्थेनं ही पद्धत बंगालच्या खेड्यांत रुजवली. घरातला छळ, हुंडा, दारू यांवर शेतमजूर बायका मंचावर चढून बोलल्या.

काय विचारता येईल?

झाडीपट्टीत विषयांची वाण नाही. पहिला प्रश्न भाषेचा. बऱ्याच नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि हशा पिकवणारं पात्र तेवढं झाडीबोलीत. ज्या बोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत, जिथं पाणी हे 'पानी' असतं, त्या बोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला. घरात आई जी भाषा बोलते, ती मंचावर फक्त हसण्यासाठीच का? हा प्रश्न एखाद्या शाळकरी पोरीनं लेखकाला सर्वांसमोर विचारला, तर पुढच्या हंगामाचं नाटक वेगळं लिहिलं जाईल.

दुसरा प्रश्न स्त्री-कलावंतांचा. त्या रात्र रात्र जागतात, एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास करतात, गावाला रडवतात आणि हसवतात. त्यांना रंगपटात स्वच्छ, सुरक्षित जागा मिळते का? गावात त्यांच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जातं? याचं उत्तर गावानंच द्यायला हवं.

तिसरा प्रश्न कठीण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तरीही हे घडलं. कायद्याचं कलम माणसाच्या मनातली भीती काढू शकत नाही. ती बोलूनच निघते, आणि ती चारचौघांत बोलायला नाटकाच्या मंडपाहून चांगली जागा कोणती?

जमेल कसं?

प्रयोगानंतर चर्चा ठेवणं इथं जमणार नाही. पहाटे प्रेक्षक घरी जातात, आणि कंपनीला सामान गाडीत भरून पुढचं गाव गाठायचं असतं. म्हणून वेळ आधीचाच, उद्घाटनाचा. हार-तुरे दहा मिनिटांत उरकावेत आणि उरलेला अर्धा तास संवादाला द्यावा. त्या रात्रीच्या नाटकाचा शेवट फोडायचा नाही, फक्त त्याचा विषय घ्यायचा. गेल्या वर्षी पाहिलेल्या नाटकाबद्दलही विचारता येईल, कारण गाव ते विसरलेलं नसतं. नट रंग लावत असतील, तर लेखक, दिग्दर्शक किंवा कंपनीचे मालक बोलतील. बोलतं करायला गावातली एखादी शिक्षिका किंवा कॉलेजात शिकणारं पोर पुरे. माईक आधी बायकांच्या बाजूला न्यावा. बोलायला संकोच वाटणाऱ्यांनी चिठ्ठी द्यावी. पाहुण्यांचा मान कमी होत नाही. उलट, प्रश्नाला उत्तर देणारा पाहुणा लोकांच्या अधिक लक्षात राहतो.

ज्या रंगभूमीनं गावाला रात्रभर जागवलं, तिला अर्धा तास बोलतं करणं अवघड नाही. म्हणून गावोगावच्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा वडशाला नाटक ठरवायला जाल, तेव्हा तारीख, नायिका आणि रक्कम यांच्या जोडीला एक गोष्ट आणखी ठरवून या: पडदा उघडण्याआधी अर्धा तास कंपनीच्या माणसांनी गावच्या माणसांशी बोलायचं.