पुडीतले सॉल्ट आणि शिवारातला क्षार

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधला ‘सॉल्ट ओळखा’ हा भाग पुरता बदनाम झाला आहे. पुडीतून भुकटी मिळते, मुले रंगावरून आणि वासावरून सॉल्ट ताडतात, आणि उत्तर ठरल्यावर जर्नलमधली निरीक्षणे मागाहून भरतात. लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30 या हिशेबात तेवढ्याने भागतेही. म्हणून ही जुनाट कवायत काढूनच टाका, असे म्हणणारे बरेच आहेत. मला वाटते, दोष परीक्षणांचा नाही, पुडीचा आहे. ज्याचे उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक आहे ते शोधण्यात मुलांना रस का वाटावा? नेवासा तालुक्यात तर खरोखरच अनोळखी क्षार बांधापलीकडे जमिनीवर फुललेला सापडतो.

तो तिथे येतो कसा, हे समजायला अवघड नाही. मुळा धरणाचे कालवे आले, ऊस वाढला, भेंड्याला ‘ज्ञानेश्वर’ आणि सोनईला ‘मुळा’ असे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. इथली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, निचरा होऊ देत नाही. साचलेले पाणी उन्हाने वर ओढले जाऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. पण दिसायला सारख्या अशा या बिघाडात दोन वेगळी दुखणी असतात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, म्हणजे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, पण सामू साधारण 8.5 च्या आत. चोपण जमिनीत सामू त्याच्या वर जातो आणि मातीच्या कणांना चिकटलेला विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांपेक्षा जास्त असतो. ती ओली असता चिखल होते, वाळली की दगड. पहिलीला चांगला निचरा आणि गोड्या पाण्याची धुलाई पुरते. दुसरीला तेवढ्याने गुण येत नाही.

आता विहिरीचे थोडे पाणी परीक्षानळीत घ्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका बसला की मुले लगेच ‘क्लोराइड’ लिहून मोकळी होतात. पण आधी विरल नायट्रिक आम्ल घालायचे असते, ते का? कारण चुनखडीच्या रानातल्या पाण्यात बायकार्बोनेट असतेच, आणि तेही चांदीबरोबर फिकट साका देते. आम्ल घातले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि संशयितांतला एक बाद होतो. (नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक घातले, तर कुठल्याही पाण्यात क्लोराइड सापडेल.) पुढे अमोनिया घालून साका विरघळला, तर खात्री पटते. पुडीच्या सॉल्टमध्ये ही पायरी गाळली तरी सहसा काही बिघडत नाही, इथे मात्र उत्तरच चुकते. ज्योतीच्या परीक्षणाचेही तसेच: सोडियमचा पिवळा रंग बोटांच्या घामानेही उमटतो, म्हणून पिवळी ज्योत दिसली एवढ्यावर जमीन चोपण ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे आता मीटरवर होते. विद्युतवाहकतेचा मीटर क्षणात आकडा देतो हे खरे, पण तो आकडा एकूण क्षारांचा असतो. त्यात सोडियम किती, कॅल्शियम किती, हे तो सांगत नाही. आणि उपाय तर त्यावरच ठरतो. चोपण जमिनीत जिप्सम घालतात तेव्हा त्यातला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. ही अभिक्रिया उलटही फिरते. चर खणून ते पाणी बाहेर काढले नाही, तर समतोल पुढे सरकत नाही आणि जिप्समचा पैसा पाण्यात जातो. ले-शातेलिएचे तत्त्व समजावायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. पाठ्यपुस्तके मात्र अमोनियाच्या कारखान्यापलीकडे जात नाहीत. आणखी एक प्रश्न इथेच सुटतो: रानात चुनखडी भरपूर असताना कॅल्शियम विकत का घ्यायचा? चुनखडीचा विद्राव्यता गुणाकार इतका लहान, की तिच्यातून आयन जवळजवळ सुटतच नाहीत. जिप्सम लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम तरी विरघळतो. गंधक घातल्यास जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल त्याच चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शाळेतली ही परीक्षणे ‘आहे की नाही’ एवढेच सांगतात. एकरी जिप्सम किती, हे त्यावरून ठरवणे धोक्याचे. ते मान्यच आहे. त्यासाठी नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेतच जायला हवा, आणि शेजारच्या राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे. पण ब्युरेट हाती आली की शाळाही थोडी पुढे जाते. पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन केले, तर सगळा क्लोराइड संपेपर्यंत लाल रंग टिकत नाही, आणि तो टिकला त्या थेंबावरून प्रमाण काढता येते. इथे आम्ल अजिबात चालत नाही, कारण त्यात सिल्व्हर क्रोमेट विरघळते. ही पद्धत कार्ल फ्रीडरिश मोहर यांची. ज्याच्या नावाच्या मिठावर मुले परमँगनेट ओततात, तोच हा मोहर. राज्यभर एकच पेपर असताना प्रत्येक तालुक्याचे पाणी वेगळे कसे चालेल, ही बोर्डाची अडचण खोटी नाही. परीक्षेला पुडी राहू द्यावी. वर्षभराच्या जर्नलमध्ये दोन प्रयोग विहिरीच्या पाण्याचे आणि एक मातीच्या अर्काचा घालायला मात्र कुणाची आडकाठी नसावी. त्यासाठी लागणारी बहुतेक रसायने प्रॅक्टिकलच्या कपाटातच असतात.