दसवंध काढायचा, तर आधी कमाई किती ते कळलं पाहिजे



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता माझ्या तोंडून 'दसवंध' हा शब्द गेला आणि तेव्हापासून बरेच जण विचारताहेत, सर, हे काय आहे? काहींनी थेट विचारलं, दहा टक्के दान केलं की धंदा वाढतो का? नाही वाढत. निदान तसा नाही वाढत. पण त्या एका शब्दामुळे माझं दुकान बुडता बुडता राहिलं, हे खरं आहे. व्हिडिओत घाईघाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधीच सांगतो, मी शीख नाही. आमच्या घरी आई हरिपाठ म्हणते. पण परभणीत राहणाऱ्याला शीख माणूस परका नसतो. नांदेड रेल्वेने तास-दीड तासावर. अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आमच्याच स्टेशनावरून जाते आणि तिच्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर मिळतो. लोक घरून ताट-डबा घेऊन बसतात, गाडी थांबली की सेवादार वाढतात. तिकीट कुठल्या डब्याचं आहे हे कोणी विचारत नाही. लहानपणी मला वाटायचं, ही रेल्वेचीच सोय असेल.

नांदेडचं महत्त्व बहुतेकांना माहीत आहे. गुरू गोबिंदसिंगांचे शेवटचे दिवस तिथे गेले. 1708 साली त्यांनी तिथेच सांगितलं की यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात तिथला गुरुद्वारा बांधवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी ते एक. आम्ही व्यापारी मात्र नांदेडला माल भरायला जातो, दर्शन झालं तर झालं.

माझं दुकान इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग सामानाचं. पाइप-फिटिंगचा माल मी नांदेडच्या एका सरदारजींकडून घ्यायचो. साठीच्या पुढचं वय, मराठी आपल्यासारखीच, फक्त हिशोब पंजाबीत पुटपुटत करायचे. मला 'शेठ' म्हणायचे, थट्टेने. दुकान टाकून सहा महिने झाले असतील, त्यांचा फोन आला. "शेठ, मागच्या बिलात एल्बोचा भाव चुकलाय आमच्याकडून. सहाशे चाळीस रुपये तुमचे जास्त लागलेत. पुढच्या बिलात वजा करतो." मी ते बिल तपासलंसुद्धा नव्हतं. म्हणजे त्यांनी फोन केला नसता, तर मला जन्मात कळलं नसतं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी जरा कौतुकाने बोललो. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "यात काय मोठं? ही किरत आहे."

शीख माणसाच्या रोजच्या जगण्याचे तीन खांब मानतात. नाम जपणं, किरत करणं, वंड छकणं. किरत म्हणजे स्वतःच्या हाताने, इमानदारीने केलेली कमाई. वंड छकणं म्हणजे वाटून खाणं. यातली गंमत बघा, कमाई करणं हा धर्माचाच भाग आहे. धर्म संध्याकाळी आणि धंदा दिवसभर, अशी वाटणी नाही. त्यांच्या ग्रंथात ज्यांची पदं आहेत ते संत बघा ना. कबीर विणकर, रविदास चर्मकार, सैन न्हावी, धन्ना शेतकरी, आणि आपले नामदेव शिंपी. नरसी नामदेव आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातल्या घुमान गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं ते त्यामुळेच. त्याच ग्रंथात कबीरांच्या रचनेत एक प्रसंग येतो. त्रिलोचन नामदेवांना विचारतात, की बाबा, तू कापडावर छपाई करत काय बसलास, देवाकडे लक्ष दे. नामदेवांच्या उत्तराचा अर्थ असा, की हातपाय कामात राहू देत, मन तिकडेच आहे. दुकानदाराला यापेक्षा सोयीचं उत्तर कुठे मिळणार?

गुरू नानक स्वतः नोकरीला होते, हेही अनेकांना माहीत नसतं. सुलतानपूर लोधीला नवाबाच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ते हिशोब सांभाळत. साखी अशी सांगतात, की धान्य मोजताना ते तेरावर आले की 'तेरा, तेरा' म्हणत तिथेच रमायचे. आपल्याकडे तेरा म्हणजे फक्त आकडा, पण त्यांच्या बोलीत 'तुझं' असाही त्याचा अर्थ. सगळं तुझंच आहे, असं म्हणत मापं टाकत राहायचे. लोक ही गोष्ट इथेच संपवतात. मला तिचा पुढचा भाग आवडतो. कोणीतरी चुगली केली, नवाबाने हिशोब तपासायला लावला, आणि कोठारात काही कमी निघालं नाही. म्हणजे भक्ती होती आणि स्टॉकही जुळत होता.

आता माझी गोष्ट.

2017 साली दुकान टाकलं. 2019 च्या दिवाळीपर्यंत महिन्याची विक्री दोन लाख चाळीस हजारांवर गेली होती. गल्ल्यात रोज पैसे दिसायचे. नातेवाईक म्हणायचे, पोराने नाव काढलं. मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवाळीनंतर नांदेडला गेलो असताना जरा फुशारकीनेच सरदारजींना विचारलं, "तुम्ही तो दहावा हिस्सा देता ना, दसवंध? मलाही सुरू करायचंय. विक्रीच्या दहा टक्के काढायचे की कसं?"

ते हसले. "विक्रीच्या दहा टक्के देशील तर तीन महिन्यांत लंगरच्या रांगेत बसशील. दसवंध कमाईचा असतो. तुझी कमाई किती?"

मला सांगता येईना. बीबीएला ग्रॉस प्रॉफिट, नेट प्रॉफिट सगळं शिकलोय, पेपरात मार्कही चांगले पडलेत. पण स्वतःच्या दुकानाची महिन्याची कमाई विचारली तर तोंडात शब्द नाही. म्हणाले, "पहिले कमाई काढ. मग ये."

त्या रात्री वही घेऊन बसलो. दोन लाख चाळीस हजारांच्या विक्रीवर सरासरी सोळा टक्के सुटत होते. म्हणजे 38,400. त्यातून भाडं 9,000, पोऱ्याचा पगार 8,000, लाइट-फोन 2,200, कर्जाचं व्याज 5,400, रिक्षा-हमाली 2,500, तुटफूट आणि सूट 1,300. एकूण खर्च 28,400. उरले 10,000. आणि घरी मी गल्ल्यातून किती नेत होतो? बायकोने घरखर्चाची वही काढली. महिन्याला सरासरी 24,000.

वरचे 14,000 कुठून येत होते, हे समजायला मला अजून अर्धा तास लागला. ते पुरवठादारांचे होते. माल उधारीवर आणायचा, विकायचा, आणि त्यांचे पैसे घरात खायचे. दोन वर्षांत बाजाराची देणी तीन लाखांच्या वर गेली होती, आणि मी समजत होतो की धंदा वाढला म्हणून उधारीही वाढली. त्या तीन लाखांत सरदारजींचेही होते. ज्याने माझे सहाशे चाळीस रुपये फोन करून परत केले, त्याच्याच पैशावर मी नवीन मोटरसायकलचे हप्ते भरत होतो. झोप लागली नाही त्या रात्री.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं दुकान याच अवस्थेत असेल, असं मला ट्रेनिंगमध्ये वह्या बघून वाटतं. गल्ला आणि खिसा एकच असला की नफा आहे की तोटा, ते दिसतच नाही. हजार लोक तुम्हाला सांगतील, पगार घ्या, खाती वेगळी ठेवा. मीही व्हिडिओत सांगतो. ऐकून कोणी करत नाही, कारण ते नुसतं शिस्तीचं काम वाटतं. पण कमाईतला दहावा हिस्सा माझा नाहीच, असं एकदा ठरलं, की कमाई मोजावीच लागते. न मोजता दिला तर एक तर कमी दिला, नाहीतर दुसऱ्याचा दिला.

पंधरा दिवसांनी वही घेऊन नांदेडला गेलो. वाटलं होतं, आता माल बंद करतील. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "हजार रुपये बसतो तुझा दसवंध. पण देऊ नको. ज्याचं देणं आहे त्याचं आधी दे. तोपर्यंत तनाने सेवा कर." शिखांमध्ये सेवा तीन प्रकारची मानतात. तनाची, मनाची, धनाची. धन नसेल तर अंग आहे. म्हणून महिन्यातला एक रविवार मी एका शाळेत पंखे, बटणं, नळ दुरुस्त करायला जाऊ लागलो. त्यातून गिऱ्हाईकं मिळाली का? दोन-तीन मिळाली. बायको चिडली ती बरेच रविवार चिडली. एकदा तिथला फोटो स्टेटसला टाकला होता. सरदारजींनी बघितला, काही बोलले नाहीत. मी संध्याकाळी काढून टाकला.

घरखर्च 12,000 वर आणला. मोटरसायकल विकली. बायकोने ब्लाउज शिवायला सुरुवात केली, तिचा वाटा यात माझ्यापेक्षा मोठा आहे. प्रत्येक ठेकेदाराला न मागता सूट द्यायची सवय सोडली. मधे लॉकडाऊन आला. देणी फिटायला 2023 उजाडलं.

एक सावध करतो, कारण काही लोक उत्साहाच्या भरात काहीही करतात. नानकांची 'सच्चा सौदा' ही साखी प्रसिद्ध आहे. वडिलांनी व्यापारासाठी वीस रुपये दिले आणि त्यांनी ते भुकेल्या साधूंना जेवू घालण्यात खर्च केले, म्हणाले यापेक्षा खरा सौदा कुठला. गोष्ट सुंदर आहे. पण ते नानक होते, आणि त्यांनाही वडिलांची बोलणी खावी लागली. तुम्ही मुद्रा लोनचे पैसे घेऊन असलं काही करू नका. ते पैसे बँकेचे आहेत.

लंगराचं मात्र लगेच शिकता येण्यासारखं आहे. नांदेडला एकदा मी सरदारजींना ताटं घासताना पाहिलं. शेजारी त्यांच्याच दुकानातला हमाली करणारा पोरगा घासत होता, आणि तो त्यांना सांगत होता, इकडे राख राहिली. नंतर दोघं एकाच पंगतीत जमिनीवर बसले. माझ्या दुकानात तेव्हा पोऱ्या मागे गोदामात पाइपांवर बसून डबा खायचा आणि मी काउंटरवर. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे बोलावलं तर तो लाजून येईना. आठ दिवस गेले. आता तिघं एकत्र जेवतो. जेवताना तो असं काही सांगतो जे मला गल्ल्यावर बसून कळलं नसतं, कुठला माल परत येतो, कुठला प्लंबर आपलं नाव घेऊन दुसरीकडून माल उचलतो.

नाम जपण्याबद्दल मी फार बोलणार नाही. श्रद्धाळू शीख पहाटे, अमृतवेळेला, उठून पाठ करतो. मी सकाळी शटर उघडल्यावर पहिली दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून आदल्या दिवसाचा हिशोब लिहितो. पण त्याला नाम म्हणणं म्हणजे त्यांच्या श्रद्धेची थट्टा होईल. ती सवय आहे, एवढंच.

एका बॅचमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी अवघड प्रश्न विचारला होता. शीख मर्यादेत तंबाखूला सक्त मनाई आहे. माझ्या ओळखीतले सरदारजी दुकानदार ती विकतही नाहीत. ताई म्हणाल्या, "सर, गुटखा बंदीच आहे, तो मी ठेवत नाही. पण तंबाखूची पुडी ठेवली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि साबण-साखरही तिथूनच घेतं." त्यांचं म्हणणं खरं आहे. पुडीवर सुटतात ते पैसे थोडे, पण तिच्यासोबत येणारा धंदा मोठा. मी त्यांना 'सोडा' म्हणालो नाही. माझ्या दुकानात तो प्रश्नच येत नाही, मग मी कोणत्या तोंडाने सांगणार? एवढंच म्हणालो, की महिनाभर पुडीवाल्या गिऱ्हाइकांनी बाकी काय घेतलं ते वहीत लिहा, म्हणजे सोडायचं ठरलं तर किंमत किती मोजावी लागेल ते कळेल. त्यांनी लिहिलं. आकडा त्यांना वाटत होता त्यापेक्षा लहान निघाला, पण अगदी लहानही नव्हता. पुडी अजून ठेवतात. विचार चालू आहे म्हणाल्या.

2023 च्या पाडव्याला नवी वही घातली. त्या महिन्याची कमाई निघाली 18,500. त्याचे 1,850 बाजूला काढले. कुठे दिले ते लिहीत नाही. सरदारजींना फोन करून आकडा सांगितला, तर पलीकडून विचारलं, "व्याज धरलंस ना त्यात?" धरलं होतं.

येत्या रविवारच्या लाइव्हला मागच्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं, भाड्याची पावती, घरखर्चाची वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. घरखर्चाची वही नसेल तर घरच्यांना शेजारी बसवा, त्यांना आकडे तोंडपाठ असतात. विक्री कोणी सांगायची नाही. कमाई काढू.