पानगळ पाहावयास कधी निघावे?

कॉटन ग्रीन या नावाविषयीच मुळात एक गैरसमज रूढ आहे, आणि रंगांच्या या हकिकतीस तेथूनच आरंभ करणे सोयीचे. स्थानकाजवळची कापूस बाजाराची जुनी इमारत हिरव्या रंगाने रंगविलेली, म्हणून या भागास ‘ग्रीन’ म्हणतात, असे हार्बर मार्गाने नित्य जाणारा गृहस्थ बेधडक सांगतो. वस्तुतः इंग्रजीत ‘ग्रीन’ म्हणजे वस्तीतले मोकळे, हिरवळीचे मैदान. कापसाच्या गासड्यांचा सौदा ज्या मैदानावर चाले ते मूळचे कोटात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी होते, १८४४ साली त्याची रवानगी कुलाब्यास झाली, आणि विसाव्या शतकात शिवडी-माझगावच्या भरावाच्या जमिनीवर हा बाजार नावासकट येऊन स्थिरावला. नाव आधीचे, रंग मागाहूनचा.

अशीच उलटापालट ‘ऑटम’ या शब्दाने केली आहे. शाळेच्या पुस्तकाने त्याचा अर्थ ‘शरद’ असा दिला आणि आपण तो खातरजमा न करता पत्करला. त्यामुळे ऑक्टोबरात परदेशस्थ भाच्याकडून न्यू हॅम्पशरच्या लालभडक मेपलची छायाचित्रे आली, की आपल्याकडेही दसरा-दिवाळीच्या सुटीत घाटरस्त्याने मोटार काढावी आणि पानगळीचा सोहळा पाहावा अशी हौस पुष्कळांना होते, आणि माळशेजपर्यंत जाऊन परतल्यावर ‘आपल्याकडे ते रंग नाहीतच’ असा निवाडा दिला जातो. तो निवाडा चुकीचा आहे. चुकला आहे तो महिना. आश्विन-कार्तिकात सह्याद्रीच्या मातीत पावसाची ओल शिल्लक असते, झाडास पान टाकण्याचे काही प्रयोजन नसते, आणि त्या दिवसांत पिवळे दिसते ते पठारांवरचे सोनकीचे फूल. आपल्याकडील पानगळ मुख्यत्वे पाण्याच्या टंचाईने होते, तिचा ऋतू शिशिर, म्हणजे माघ-फाल्गुन.

थंडीचा कडाका पडला की पाने रंगतात, ही समजूतही अर्धीच खरी. थंड मुलखांतील झाडांना पहिली सूचना मिळते ती दिवस लहान होत गेल्याने. हरितद्रव्य मोडू लागते, आणि त्याच्याखाली उन्हाळाभर झाकून राहिलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र पुष्कळ झाडांत त्या दिवसांतच नव्याने तयार होतो, स्वच्छ ऊन आणि गार रात्री लाभल्या तर अधिकच खुलतो. कडक हिमदव पडले तर पाने रंगण्याऐवजी करपतात. या सर्व काळात झाड एखाद्या चोख कारकुनासारखे वसुलीस बसलेले असते: पानातील नत्र आणि स्फुरद यांचा बराचसा भाग ते खोडात परत ओढून घेते, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा धरते, आणि हिशेब चुकता झालेले पान वाऱ्याच्या हवाली करते. निष्पर्ण झाड मेले असे समजून ते तोडण्याचा अर्ज करणाऱ्यांनी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे.

मुंबईत पानांचे रंग दिसत नाहीत, असे म्हणणाऱ्याने माघात कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या गल्ल्यांतून एकदा सावकाश चालावे. तेथे भिंतीलगत बदामाचे झाड असते, फांद्या मजल्यामजल्यांनी पसरलेल्या, आणि खाली हातगाडीच्या चाकाशी तळहाताहून मोठी पाने पडलेली. त्यांतले एक उचलून पाहिले तर कडेकडेने गर्द तांबडे, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस अजून पिवळट हिरवे, आणि पाठीवर मातकट झाक, असे तीन रंग एकाच पानात सापडतात. हा बदाम मात्र सुक्या मेव्यातला नव्हे. तो बदाम पीच-जर्दाळूच्या कुळातला. हा आपल्या अर्जुन, ऐन, हिरडा यांचा भाऊबंद, आणि वर्षातून बहुधा दोनदा पाने टाकणारा. त्याची कठीण कवची दगडाने फोडून आतली बी खाणाऱ्या पोरांना या वंशावळीशी अर्थातच कर्तव्य नसते, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत मोठा घोटाळा लाल रंगाचा आहे. फाल्गुनात रायगडच्या डोंगरपायथ्यांशी एखादे झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पेटल्यासारखे लाल दिसते, आणि मोटारीतला प्रवासी म्हणतो, “पाहा, पानगळ!” ते झाड कुसुंबाचे, काही लोक त्यास कोशिंब म्हणतात, आणि ती लाली जाणाऱ्या पानांची नसून येणाऱ्या पालवीची असते. आंब्याची कोवळी तांबूस, लोंबती पाने आपण अंगणात पाहिलेली असतात, पिंपळाची ताम्रवर्णी पालवीही ओळखीची असते. तरी कुसुंबापाशी आपण फसतो, कारण लाल म्हणजे अखेर, हा परक्या हवामानाचा दस्तूर आपण पाठ केला आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते भरण्याआधी हे तांबडे द्रव्य त्यास प्रखर उन्हापासून जपते, आणि किडीलाही आवर घालत असावे असे अभ्यासकांचे मत आहे. मेपलचा लाल हा निरोपाचा, कुसुंबाचा स्वागताचा. माझ्या मते आपला सरस आहे. हा पक्षपात असला तर असो.

तेव्हा निघावे ते फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चात, आणि पहाटे. कॉटन ग्रीनकरांची वाट तर फारच सोपी झाली आहे: जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला सुमारे बावीस किलोमीटरांचा अटल सेतू शेजारच्या शिवडीहूनच सुरू होतो आणि खाडी ओलांडून चिर्ल्यास उतरवतो, तेथून पनवेल, आणि पुढे गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याचे पानझडी रान. वाटेत निष्पर्ण सावरीवर आणि पळसावर फुले असतील, त्यांना पाने समजू नये. कुसुंबाची लाली फार टिकत नाही, थोड्याच दिवसांत ती पोपटी आणि मग साधी हिरवी होते, म्हणून बेत पुढच्या रविवारावर ढकलू नये. दुचाकीवाल्यांनी मात्र वाशीच्या पुलानेच जावे. अटल सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे.