कोनाडा, फळी आणि बांबूचे प्लायवूड

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सदनिकांत पुस्तके कोठे ठेवावयाची, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा आहे. तथापि त्यातील निम्मी अडचण शब्दांची असून तिचा उलगडा झाल्यावाचून सुताराचे कामही नीट होत नाही, असे आमचे मत आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. अशा भागात घरोघरी ग्रंथ असावेत हे स्वाभाविक होय. मात्र ते ठेवण्यास पूर्वीची भिंत आता उरलेली नाही.

जुन्या घरांतील कोनाडा, दिवळी व फडताळ हे तिन्ही शब्द भिंतीच्या पोटातील जागेचे वाचक आहेत. हात-दीड हात जाडीच्या भिंतीतच ती जागा संभवते, आणि तेथे ठेवलेल्या वस्तूचा भार भिंत सरळ आपल्या अंगावर घेते. फळी हा शब्द संस्कृतातील ‘फलक’ या शब्दापासून आलेला. तो बाहेर आडव्या बसविलेल्या तक्त्याचा. आजच्या सदनिकेतील मधली भिंत पुष्कळदा साडेचार इंची विटेची असते. तीत कोनाडा कोरता येत नाही. सबब फळीच काय ती उरली, आणि तिच्याबरोबर भिंतीबाहेर लोंबणारा भारही.

ही फळी हल्ली बांबूच्या प्लायवूडची करण्याचा विचार अनेक जण करतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्ष’ या संज्ञेतून वगळण्यात आला व वनाबाहेर लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक सुकर झाली. (एका शब्दाच्या व्याख्येचे सामर्थ्य दाखविण्यास याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.) पण ‘बांबू प्लायवूड’ हे नाव आम्हांस फसवे वाटते, कारण त्याखाली निदान दोन भिन्न वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे चटईचा तक्ता. बांबूच्या पातळ कामट्यांच्या चटया विणून त्या फेनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या राळेत बुडवितात, वाळवितात आणि एकावर एक रचून तप्त दाबयंत्रात दाबतात. बंगळूर येथील प्लायवूड उद्योगविषयक संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. विणकाम मुळात बुरडाचे. सूप, टोपली व तट्टी विणणाऱ्याचा हात येथे कारखान्याच्या कामी आला आहे. दुसरी वस्तू पट्ट्यांची. बांबू उभा चिरून, त्याची वरची साल व आतील मऊ भाग तासून काढून, सरळ पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवितात व असे थर एकमेकांस आडवे रचतात. खऱ्या अर्थाने प्लायवूड म्हणावे ते हेच.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. बांबूचे बळ त्याच्या उभ्या तंतूंत असते. चटईच्या तक्त्यात कामट्या सामान्यतः कडेशी तिरप्या जातात. त्यामुळे तो चौकटीत बसविला असता तिला तिरपी होऊ देत नाही, पण दोन टोकांवर ठेवून वर भार दिला असता सहज वाकतो. पट्ट्यांच्या तक्त्यातील वरच्या व खालच्या थराचे तंतू फळीच्या लांबीस समांतर राहतील असा कापला, तरच तो भार पेलतो. उलट कापला तर चांगला मालही वाया जातो. म्हणून आडवी फळी पट्ट्यांची व मांडणीची पाठ चटईची, अशी वाटणी आम्ही सुचवितो.

जाडी १८ मि.मी., म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत, याहून कमी नसावी. जाडी निम्मी केली तर तोच भार फळीस आठपट वाकवितो. उलट दोन टेकूंमधील अंतर ३ फुटांवरून २ फुटांवर आणले, तर दर फुटास तितकाच भार असता वाक सुमारे एकपंचमांश होतो. पुस्तकांची एक फूट ओळ आठ-दहा किलो भरू शकते आणि तो भार वर्षानुवर्षे हलत नाही; वाक मात्र हळूहळू वाढत जातो.

राहता राहिला भिंतीचा प्रश्न. दहा इंच रुंद फळीवरील भार भिंतीपासून सरासरी पाच इंचांवर पडतो. ब्रॅकेटचा उभा पाय पाचच इंच असेल तर वरचा स्क्रू जवळजवळ भाराइतक्याच जोराने बाहेर ओढला जातो; दहा इंच असेल तर निम्म्या. यास्तव लांब पायाचे ब्रॅकेट घ्यावे व वरचा स्क्रू शक्य तितका उंच असावा. कारागीर ज्यास ‘गिट्टी’ म्हणतात ती खुंटी गिलाव्यात नव्हे, विटेत रुतली पाहिजे. नव्या इमारतींतील हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांस (ज्यांस सर्रास ‘सिपोरेक्स’ म्हणतात, मुळात ते व्यापारी नाव) साधी गिट्टी पुरत नाही, त्यांकरिता बनविलेली लांब खुंटी लागते. झोपण्याच्या जागेच्या डोक्यावर अशी फळी लावूच नये.

खाडीकाठच्या दमट हवेत फळीच्या कापलेल्या कडा प्रथम पाणी पितात. त्यांस रोगणाचे दोन हात द्यावेत. बांबूतील पिष्टावर घुण वाढतो, म्हणून माल टाकणखार व बोरिक आम्लाने संस्कारित आहे काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे. खालच्या पुस्तकांवर पिवळसर पिठासारखी भुकटी दिसली, तर ती धूळ समजून नुसती पुसू नये. पुस्तके उतरवून फळीच्या खालच्या अंगास बारीक छिद्रे आहेत का ते पाहावे.