६१७४ आणि हातच्याची वजाबाकी

चार अंकी वजाबाकीचा सराव म्हणजे फळ्यावर उदाहरणांची लांबलचक यादी आणि समोर कंटाळलेली मुले, हा प्रकार शिक्षकांस नवा नाही. नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४६ साली शोधलेला ६१७४ या संख्येचा गुणधर्म येथे फार उपयोगी पडतो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका मासिकात कापरेकरांच्या कार्याविषयी लिहिले आणि ही संख्या जगभर पोहोचली.

कृती अशी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. १९४७ ही संख्या घेतल्यास :

९७४१ – १४७९ = ८२६२
८६२२ – २२६८ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ – १४६७ = ६१७४, म्हणजे संख्या तेथेच स्थिरावते. आरंभीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. शून्य मात्र गाळू नये. २१११ – १११२ = ०९९९ हे उत्तर ९९९ असे लिहिले, तर पुढे सारेच शून्य होऊन बसते.

असे का व्हावे? उतरत्या क्रमातील पहिल्या व चौथ्या अंकांतील फरकास ९९९ ने, दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील फरकास ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. हे स्थानिक किमतीवरून सहज पडताळता येते. पहिला फरक १ ते ९ पैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून हजारो संख्यांपासून आरंभ केला तरी पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. ती ५४ तपासली की सिद्धता पुरी होते. वरच्या वर्गातील मुले हे काम आपसांत वाटून घेऊ शकतील.

९९९ व ९० या दोहोंस ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत यावयास हवी. हातचा घेऊन तो कमी करावयास विसरलेला विद्यार्थी येथेच सापडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणे. असे करणारा विद्यार्थी ९७४१ – १४७९ चे उत्तर ८३३८ लिहील. या चुकीने येणारी संख्या दोन्हीकडून सारखीच वाचली जाते. खऱ्या ५४ उत्तरांत तशी संख्या एकच आहे, ती ५४४५. तेव्हा वही चाळताना दुसरी कोणतीही तशी संख्या दिसल्यास हातच्याची कल्पना त्या मुलास पुन्हा, शक्यतो काड्यांच्या जुड्या सोडवून, समजावून द्यावी.

लहान मुलांसाठी तीन अंकी संख्या घ्याव्यात. त्या ४९५ वर येऊन थांबतात. दोन अंकी संख्या कोठेच थांबत नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे त्यांचे चक्र चालू राहते.