साखरेचं गणित – लेखांक ९ : घारीवरचा आळ

परवा कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सुरतेत नेहमीप्रमाणे चंदी पडवो. आपण कोजागिरीला आटीव दूध पितो. सुरतकर दुसऱ्या रात्री चटया-सतरंज्या घेऊन मोकळ्यावर जातात आणि चांदण्यात घारी आणि भुसू (फरसाण) खातात. घारी म्हणजे आत मावा आणि सुकामेवा, बाहेर थिजलेल्या तुपाचा थर. लिंबायत, उधना, डिंडोलीतली आपली खानदेशी मंडळीही आता या सणात चांगली मुरली आहेत. या रात्री घरातल्या शुगरवाल्या माणसाच्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

आजचा लेख अशा माणसाबद्दल आहे, ज्यानं घारीला हात लावला नाही आणि तरी त्याच्यावर आळ आला.

डोळ्यांसमोर आणा : वय बेचाळीस, गाव नंदुरबारकडचं, वीस वर्षं सुरतेत, पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर. अंगानं शिडशिडीत. दोन वर्षांपूर्वी सारखी तहान आणि रात्रीतून चार वेळा उठणं सुरू झालं, रक्त तपासलं, साखर निघाली. वय चाळिशीपुढचं म्हणजे टाइप टू, असं धरून गोळी सुरू झाली. आठ-दहा महिने बरे गेले. मग एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि साखर मात्र चढतच गेली. पँट ढिली पडू लागली. बायको डबा गच्च भरून द्यायची आणि विचारायची, "कारखान्यात काय खाता हो चोरून?" डॉक्टरांनीही तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. हा माणूस मी रचलेला आहे. पण तो प्रश्न खरा आहे आणि तो ऐकून घेणारे पुष्कळ आहेत.

अशा वेळी जी तपासणी करायला हवी तिचं नाव जीएडी अँटिबॉडी. ती पॉझिटिव्ह आली की गोष्टच बदलते. हा आजार प्रतिकारशक्तीचा आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शरीर परकं समजून मारत सुटतं. लहान मुलांत हे झपाट्यानं होतं, काही आठवड्यांत मूल कोमेजतं. मोठ्या वयात तेच संथपणे चालतं, कधी कधी वर्षानुवर्षं. वैद्यकात याला 'लाडा' म्हणतात. नावात लाड असला तरी आजारात नाही. काही डॉक्टर 'टाइप दीड' म्हणतात, तेही चपखल आहे.

मास्तरच्याच भाषेत सांगायचं तर शंभर मागांच्या शेडमध्ये दर आठवड्याला एखादा माग बंद पडतोय. उरलेले जोरात चालवले तर ताके काही दिवस पुरे पडतात, शेठला पत्ता लागत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या घराण्यातल्या गोळ्या नेमकं हेच करतात, उरलेल्या पेशींना पिटाळतात. म्हणून लाडा ठरल्यावर या गोळ्या टाळाव्यात असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यांनी पेशी लवकर थकतात अशी शंका आहे. लघवीवाटे साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबद्दलही सावध राहावं लागतं. त्यांच्यावर असताना साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास अशी लक्षणं दिसली तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. हा लेख डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइड. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा जितकं इन्सुलिन तितकंच सी-पेप्टाइड सुटतं. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे किती माग अजून चालू आहेत याची ही मोजणी. २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं लाडासाठी मर्यादा सुचवल्या, त्या आपल्याकडच्या लॅबच्या एककात (ng/mL) साधारण अशा : ०.९ च्या खाली असेल तर इन्सुलिन हवंच, ०.९ ते २.१ मध्ये असेल तर डॉक्टरांनी नीट विचार करून औषधं निवडायची. त्यावर असेल तर सध्या टाइप टूसारखे उपचार, पण दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सोबत थायरॉइडही बघून घ्यावं. स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती अनेकदा एका अवयवावर थांबत नाही.

हे क्वचितच होतं असं समजू नका. ब्रिटनमधल्या प्रसिद्ध यूकेपीडीएस अभ्यासात टाइप टू समजल्या गेलेल्या नव्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. १९९७ साली आकडे छापून आले : २५ ते ३४ वयोगटात दर तिघांत एकाला जीएडी अँटिबॉडी होती, ५५ ते ६५ वयोगटात ७ टक्क्यांना. म्हणजे वय वाढेल तशी शक्यता घटते, संपत नाही. याचं ठळक उदाहरण थेरेसा मे. २०१२ साली त्या ब्रिटनच्या गृहमंत्री होत्या, वय ५६. आधी टाइप टू सांगितलं, गोळ्या लागू पडल्या नाहीत, पुन्हा तपासण्या झाल्या आणि निदान टाइप वन, म्हणजे हाच प्रतिकारशक्तीचा आजार, निघालं. पुढे त्या पंतप्रधान झाल्या त्या रोज इन्सुलिन टोचत. एवढ्या मोठ्या बाईंच्या बाबतीत जे झालं ते लिंबायतच्या मास्तरच्या बाबतीत होणार नाही, असं कसं म्हणावं?

सुश्रुतानं प्रमेहाचे (मधुमेह त्यातलाच) दोन प्रकार सांगितले आहेत, सहज म्हणजे जन्मजात आणि अपथ्यनिमित्तज म्हणजे अपथ्यातून होणारा. पहिला कृश माणसाचा, दुसरा स्थूल माणसाचा. मला त्या निरीक्षणाचं फार कौतुक वाटतं. पण घरोघरी आपण त्यातला दुसराच शब्द उचलला आणि प्रत्येक शुगरवाल्याला अपथ्याचा आरोपी केलं. खरं निदान कळतं त्या दिवशी हा माणूस निर्दोष सुटतो. आणि सुटल्यासुटल्या त्याच्या हातात इन्सुलिनचं पेन येतं. त्यामुळे घरात आनंद कुणालाच होत नाही. "इन्सुलिनवर गेला" हे आपण "आयसीयूत गेला"च्या सुरात बोलतो. टाइप टूमध्ये इन्सुलिन बऱ्याचदा उशिरा येतं, म्हणून तो सूर रुजला. इथं शरीर जे बनवत नाही तेवढंच बाहेरून द्यायचं असतं, आणि लवकर दिलं तर उरलेल्या पेशींवरचा ताण कमी होतो. पहिले काही आठवडे राग येतो, रडू येतं, दोन वर्षं फुकट ऐकून घेतलेलं आठवतं. येऊ द्यावं. बायकोनं एकदा "चुकलं माझं" म्हटलं तरी पुष्कळ उतरतं.

आता सुरतेच्या अडचणी. लूमच्या पाळ्या बारा तासांच्या. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. दिवसाला एकदा घ्यायचं लांब टिकणारं इन्सुलिन घड्याळावर चालतं, त्याची वेळ पाळीनुसार हलवत बसू नये. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र ताटाबरोबर. डबा रात्री दोनला उघडणार असेल तर तेही दोनलाच. डॉक्टरांना पाळ्यांचा कागद दाखवा, नुसतं "कामाला जातो" सांगू नका. साखर खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, पण मे महिन्यातल्या शेडमध्ये घाम कुणाला येत नाही? मागांच्या खडखडाटात मोबाइलचा अलार्मही ऐकू येत नाही. म्हणून शंका आली की बोट टोचून बघायचं, आणि शेजारच्या मागावरच्या कारागिराला सांगून ठेवायचं की मी बरळायला लागलो तर आधी साखर दे, मग विचार.

फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण ती कोरड्या हवेत जास्त चालते. सुरतेच्या दमट पावसाळ्यात माठ तितका गार होत नाही. तेव्हा फ्रिजवाल्या शेजाऱ्याकडे डबी ठेवलेली बरी, फक्त बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आणि घारी? इन्सुलिनवाल्याला ती कायमची बंद नाही. अर्धी खायची तर किती इन्सुलिन जास्त घ्यायचं, हे डॉक्टरांकडून शिकून घेता येतं. गंमत अशी की साखर सत्तरच्या खाली गेली आणि गोड हवंच असलं, तर घारी कुचकामी. तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तिथं तीन चमचे साधी साखर पाण्यात ढवळून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. कुणी विचारलंच की शुगर असून खिशात साखर कशी, तर हा लेख वाचायला द्या.

पुढच्या आठवड्यात : पेन, सुई आणि टोचायच्या जागा.